बांधून झाल्यानंतर : पायाभूत प्रकल्पांच्या पुरस्कारांचा मालवण किनाऱ्यावरून विचार

अभियांत्रिकी सल्लागार संस्था, त्यांचे महासंघ, काँक्रीटच्या आणि पुलांच्या व्यावसायिक संघटना दरवर्षी ‘उत्कृष्ट प्रकल्प’ निवडतात. सल्लागार अभियंत्यांचा ‘फिडिक’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९१३ पासूनचा. तोही प्रकल्पांना गौरवतो. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचा असा पुरस्कार १९६० पासून चालू आहे. आपल्याकडे बांधकाम उद्योग विकास परिषदेचे (सीआयडीसी) विश्वकर्मा पुरस्कार आहेत, आणि विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्राचे सार्वजनिक बांधकाम खाते आपल्या उत्कृष्ट अभियंत्यांचा सत्कार करते. शिवाय मोठ्या सल्लागार कंपन्या स्वतःच हाताळलेल्या कामांतून वर्षाचा सर्वोत्तम रस्ता, सर्वोत्तम पूल, सर्वोत्तम पाणीयोजना ठरवतात ते वेगळेच. शाली, चषक आणि भाषणे बाजूला काढली तर या साऱ्यात एक मोजमाप उरते. मोजमापाला जे प्रश्न विचारायचे तेच पुरस्कारालाही विचारता येतात : काय मोजले, कधी मोजले आणि कोणी मोजले.

या तिन्हींपैकी ‘कधी’ हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो, असे माझे मत आहे. म्हणून पुढील विवेचनात जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

उदाहरणे घेतली आहेत ती सिंधुदुर्गातली, मुख्यतः मालवण आणि त्याच्या आसपासची. इथे बांधकामाचे वय लवकर दिसते. जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटर किनारा. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात बारमाही खारा वारा. देशावर वर्षानुवर्षे धडधाकट राहणारे पत्रे, बिजागऱ्या, नट-बोल्ट देवबागेत एका-दोन पावसांत लाल होतात. आगोटीला घर शाकारणे, भिंतींना झापांचा आडोसा करणे, होडी वर ओढून झाकणे ही इथल्या माणसाची सवय या ज्ञानातूनच आलेली आहे. बांधलेली वस्तू आपोआप टिकत नाही, ती दरसाल टिकवावी लागते, हे इथे सांगावे लागत नाही. पुरस्कारांच्या अर्जात मात्र त्यासाठी रकाना नसतो.

काय मोजायचे

पुरस्कार ‘प्रकल्पाला’ मिळतो. पण प्रकल्पाच्या कडा कुठे असतात? कागदावर त्या निविदेने ठरतात : अमुक साखळी क्रमांकापासून तमुक साखळी क्रमांकापर्यंत. मुंबई-गोवा महामार्गाचे उदाहरण घेऊ. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा भाग २०११ मध्ये रुंदीकरणाला घेतला गेला आणि वर्षानुवर्षे रखडला. इंदापूर ते झाराप हा पुढचा रस्ता दहा टप्प्यांत वाटला गेला. त्यातले सिंधुदुर्गातले टप्पे रायगड आणि रत्नागिरीच्या खूप आधी चौपदरी झाले. टप्पा हे एकक धरले तर कणकवली-कुडाळकडच्या कामाला वेळेत पूर्तीचे गुण द्यावे लागतील, आणि ते देणे न्याय्यही आहे. रस्ता हे एकक धरले तर गणपतीला मुंबईहून निघालेल्या चाकरमान्याचे बारा-चौदा तास जमेस धरावे लागतील. त्याच्या दृष्टीने प्रकल्प एकच आहे : दादर ते आपले घर. पुरस्कार देणारी संस्था टप्पा निवडते, कारण टप्प्याला एक ठेकेदार, एक सल्लागार आणि एक बिल असते. सोयीचे एकक हेच खरे एकक मानण्याची चूक इथून सुरू होते.

चिपी विमानतळाचेही तेच. अडीच हजार मीटरची धावपट्टी, माळरानावर बांधलेली इमारत, ९ ऑक्टोबर २०२१ रोजीचे उद्घाटन. बांधकाम म्हणून त्याची तपासणी करता येते. पण विमानतळ बांधला जातो तो विमानांसाठी, आणि मुंबईची सेवा त्यानंतर कधी चालू, कधी बंद अशी राहिली. धावपट्टीचा जाडीतक्ता उत्तम असेल. त्या तक्त्याने उड्डाण रद्द झालेल्या प्रवाशाचे काही होत नाही. दोडामार्गातल्या तिलारीचीही गोष्ट तशीच : महाराष्ट्र आणि गोवा यांच्या त्या संयुक्त प्रकल्पात धरण एका बाजूला आणि वारंवार फुटणारे कालवे दुसऱ्या बाजूला, यांतले नेमके काय तपासायचे?

एककाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांत. देवबाग ही एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी अशी वाळूची अरुंद पट्टी. तळाशीलचे रूप थोडेफार तेच. उधाण आले की माड पडतात, घराच्या अंगणापर्यंत पाणी येते, मग मागणी होते काळ्या दगडाच्या बंधाऱ्याची. दगडाचे वजन, उतार, खालची गाळणी-थराची चादर, पायथ्याचा आधार, सगळे मानकानुसार करता येते आणि चांगला ठेकेदार ते करतोही. पण कठीण भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरची वाळू खणते, आणि जिथे बंधारा संपतो त्याच्या पुढच्या उघड्या किनाऱ्यावर धूप वाढते. किनारा-अभियांत्रिकीत हे जुने, सर्वज्ञात सत्य आहे. म्हणजे बंधाऱ्याचे नुकसान त्याच्या साखळी क्रमांकाच्या बाहेर, शेजारच्या वाडीत होते. कामाच्या हद्दीत तपासले तर दहापैकी नऊ गुण. शंभर मीटर पुढे जाऊन तपासले तर गुण कुठे जातील सांगता येत नाही.

याला आणखी एक बाजू आहे, ती रापणीची. रापण ओढायला मोकळा, सपाट, वाळूचा किनारा लागतो. दोन्ही बाजूंनी माणसे जाळे खेचत वर येतात. किनाऱ्यावर दगडांची रांग टाकली की ती जागाच जाते. रापणकाराच्या हिशोबात समुद्रकिनारा हे कारखान्याचे आवार आहे. सल्लागाराच्या नकाशावर ती ‘रिकामी वाळू’ असते. प्रकल्पाचे एकक ठरवताना ‘या कामाने ज्यांची जागा, वाट किंवा पाणी बदलते ती सगळी भूमी’ अशी व्याख्या केली तर अर्ज भरणे कष्टाचे होईल हे खरे. पण मग निदान बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांपलीकडचा किनारा कामाआधी आणि कामानंतर मोजून दाखवावा, एवढी अट घालायला काय हरकत आहे?

कधी मोजायचे

आता वेळेकडे. कोकणात बांधकामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला, आणि बिले निघावीत म्हणून बहुतेक कामांना वेग येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. वार्षिक पुरस्कारांचे चक्र आर्थिक वर्षाला बांधलेले असते. याचा अर्थ असा, की ‘या वर्षी पूर्ण झालेले काम’ म्हणून जे काही परीक्षकांपुढे येते त्याने बहुधा एकही पाऊस पाहिलेला नसतो. पुरस्कारपत्रिकेतले छायाचित्र निळ्या आकाशाखाली काढलेले असते हा योगायोग नव्हे.

कोरे बांधकाम पाहून त्याचा दर्जा का ओळखता येत नाही, हे काँक्रीटच्या उदाहरणाने नीट समजते. आय.एस. ४५६ हे २००० सालचे भारतीय मानक परिसराच्या कडकपणानुसार काँक्रीटचे वर्ग पाडते. किनारी हवेतले काम ‘तीव्र’ वर्गात : किमान एम-३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. समुद्राचे तुषार ज्यावर उडतात ते ‘अतितीव्र’ : एम-३५ आणि ५० मिलिमीटर. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला खांब ‘पराकोटीचा’ : एम-४० आणि ७५ मिलिमीटर. कायम पाण्याखाली असलेला भाग मात्र ‘तीव्र’ वर्गातच राहतो; तो त्यामानाने सुरक्षित, कारण गंजायला क्षारासोबत प्राणवायूही लागतो आणि पाण्याखाली तो अपुरा पडतो. जेटीचा खांब नेहमी ओला-सुका होणाऱ्या पट्ट्यातच का फुटतो, याचे उत्तर यात आहे.

सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईभोवती एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. क्लोराइड आत झिरपत त्या थरापर्यंत पोचले की तो थर मोडतो, लोखंड गंजू लागते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने आतून दाब येतो, आधी केसासारखी भेग, मग तांबूस ओघळ, मग खपली. हा प्रवास किती काळाचा? झिरपण्याचा नियम असा, की लागणारा वेळ आवरणाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आवरण निम्मे झाले तर वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. स्लॅब ओतताना कव्हर ब्लॉक सरकला, सळई खाली बसली, ५० चे २५ मिलिमीटर झाले, तर पन्नास वर्षे निर्धोक राहायचा भाग बारा वर्षांत फुटायला लागेल. त्यात वाळू खाडीची आणि नीट न धुतलेली असेल, पाणी मचूळ विहिरीचे मारले असेल, तर क्लोराइडला बाहेरून येण्याचीही गरज नाही. ते पहिल्या दिवसापासून आतच आहे. सळईच्या काँक्रीटमध्ये दर घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको, ही मानकातली मर्यादा यासाठीच आहे.

उद्घाटनाच्या दिवशी २५ मिलिमीटरवाला आणि ५० मिलिमीटरवाला, असे दोन्ही पूल सारखेच दिसतात. रंगवल्यावर तर अगदी जुळे. परीक्षक फोटो पाहतो, सादरीकरण ऐकतो, फार तर पुलावरून गाडीने जातो. सळईवरचे आवरण बाहेरून मोजणारे कव्हर मीटर हातात मावते आणि सल्लागाराच्या कचेरीत असतेच. पुरस्काराच्या अर्जाला त्याच्या नोंदी जोडा असे म्हटले तर कित्येक अर्ज परत जातील, असा माझा कयास आहे.

काळ नेहमी वर्षांतच मोजावा लागतो असेही नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते उघडला गेला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मधे नऊ महिनेही नव्हते. पहिला पाऊसच पुरा झाला नव्हता. त्या दिवशी वारा ताशी ४५ किलोमीटर असल्याचे सरकारकडून सांगण्यात आले. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकानुसार या किनाऱ्यासाठी धरायचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. ४५ हा आकडा त्यामुळे कारण म्हणून पुढे करण्यासारखा नव्हताच. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम, त्यात इथे शिरायचे नाही. विवेचनाच्या दृष्टीने एक वेगळी नोंद महत्त्वाची आहे. पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याने पुतळ्याचे नट-बोल्ट गंजले असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवणच्या अभियंत्याने नौदलाला २० ऑगस्टला लिहिले होते. म्हणजे पाहणारा होता. त्याने पाहिले. लेखी कळवलेही. पण काम एका यंत्रणेने केलेले, जागेवरचा डोळा दुसऱ्या यंत्रणेचा, आणि शिल्पकार तिसरीकडे. सहा दिवस पत्राच्या प्रवासालाच पुरले असतील.

धातूंचा प्रश्नही नवा नाही. तांब्याची किंवा कांशाची कातडी आणि आतून लोखंडी सांगाडा अशी रचना खाऱ्या ओलीत केली की दोन्ही धातूंत विद्युत-रासायनिक जोडी जमते आणि लोखंड आधी खाल्ले जाते. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ चा. तांब्याच्या पत्र्याआतला लोखंडी सांगाडा गुस्ताव आयफेलच्या रचनेचा. दोन धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे घातलेले रोधक थर काळाच्या ओघात निकामी झाले, पट्ट्या गंजून फुगल्या, आणि शंभरी गाठण्याआधी, १९८४ ते १९८६ या काळात, त्या पट्ट्या काढून गंजरोधक पोलादाच्या बसवाव्या लागल्या. आयफेलला पुरस्कार द्यायचा की नाही? १८८६ मध्ये नक्कीच. १९८६ मध्येही द्यावा, कारण सांगाड्याची पट्टी न पट्टी, कातडी न उतरवता, एकेक करून बदलता आली. बदलता येण्याची ही सोय हा रचनेचा गुण आहे आणि तो शंभर वर्षांनी दिसला.

राजकोटावर आता साठ फुटी नवा पुतळा आहे. ११ मे २०२५ रोजी तो उघडला गेला. त्याच्या निविदेत दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घालण्यात आली होती. धडा निदान कागदावर तरी उतरला.

मग पुरस्कारासाठी किती थांबायचे? तीन पावसाळे म्हणावे तर कोकण रेल्वे आडवी येते. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख; रोहा ते मंगळूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्णपणे खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंच पूल. या कामाचे गोडवे गायले गेले ते योग्यच होते. पानवलचा पूल आजही तज्ज्ञांच्या आदराचा विषय आहे. पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे निघालेली विशेष गाडी खोदकामात कोसळलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसवर तशीच आपत्ती आली. मार्ग खुला झाल्याला तेव्हा पाच-सहा पावसाळे झाले होते. पूल उभे होते, बोगदे उभे होते. खचल्या त्या दोहोंमधल्या कापलेल्या डोंगराच्या कुशी. जांभ्याच्या टोपीखाली मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. पाणी मुरत जाते, थर भिजतो, आणि उभी कापलेली बाजू एखाद्या रात्री सुटते. पुलाचे छायाचित्र निघते. कापलेल्या दरडीचे कोणी काढत नाही.

पुढे कोकण रेल्वेने जे केले ते माझ्या मते तिच्या पुलांइतकेच मोठे अभियांत्रिकी काम आहे. दरडींचे उतार कमी केले, पोलादी जाळ्या लावल्या, आधारभिंती घातल्या, दगड पडल्याची सूचना देणारा ‘रक्षा धागा’ बसवला, पावसात रात्रंदिवस मार्गावर फिरणारे गस्तीवाले नेमले, आणि वेगळे पावसाळी वेळापत्रक आणले : अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर गाड्या मुद्दाम हळू चालत. वेग कमी करणे ही तांत्रिक उपाययोजना आहे हे मान्य करायला धारिष्ट लागते, कारण कोणत्याही गुणतक्त्यात वेग कमी झाला की गुण कमी होतात. रेनकोट घालून, कंदील घेऊन कणकवली आणि नांदगाव यांच्यामधली रूळवाट रात्री तुडवणारा गस्तीवाला हा त्या प्रकल्पाचा भाग आहे की नाही? तो असेल तर प्रकल्प १९९८ मध्ये पूर्ण झालेला नाही. तो दर पावसाळ्यात नव्याने पूर्ण होतो.

यावरून दिसते, की थांबण्याचा एकच मुहूर्त नसतो. उघडा बोल्ट महिन्यांत, दरडीची कूस पाच-सहा वर्षांत, सळई दहा-वीस वर्षांत, पुतळ्याचा सांगाडा शतकात आपली परीक्षा देतो. अमेरिकेतील वास्तुविशारदांची संस्था १९६९ पासून ‘पंचवीस वर्षांचा पुरस्कार’ देते. इमारत पंचवीस ते पस्तीस वर्षांची झाल्याखेरीज विचारच होत नाही. इमारतींसाठी ते चांगले आहे. रस्ते-पुलांत मात्र पंचवीस वर्षांत मानके बदलतात, पद्धती बदलतात, आणि मिळालेला धडा कोणाला उपयोगी पडत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल मूळ करारातच असते. तो आकडा किमान पात्रतेसाठी ठीक. त्याहून महत्त्वाचे असे, की काळ जाऊ द्यायचा नसेल तर काळाची तयारी तपासावी. बिघाड कोणाला आधी दिसेल? त्याने कोणाला कळवायचे? ज्याला कळवले त्याच्याकडे पैसा आणि अधिकार आहे का? झिजणारा भाग काढून दुसरा घालता येतो का? राजकोटच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. बाकीच्यांना असते तर २० ऑगस्टच्या पत्राचे काय झाले असते, हे प्रत्येकाने आपल्याशी मांडून पाहावे.

कोणी मोजायचे

सल्लागार संस्था आपल्याच कामांना पुरस्कार देते तेव्हा ‘आपला तो बाब्या’ हे ओघाने आलेच. संस्थेच्या चार भिंतींत याचा उपयोग आहे : तरुण अभियंत्याला कळते की वरिष्ठांना कोणते काम चांगले वाटते. पण तोच पुरस्कार माहितीपत्रकात छापून पुढच्या निविदेच्या वेळी समोर ठेवला की त्याचा अर्थ बदलतो. आपल्याकडे एकच सल्लागार पुष्कळदा व्यवहार्यता तपासतो, सविस्तर प्रकल्प अहवाल लिहितो, आराखडा करतो, देखरेख करतो आणि ठेकेदाराच्या बिलावर शिफारसही देतो. एवढ्या भूमिकांवर परीक्षकाची आणखी एक चढवली तर दोष सांगायला कोण उरतो? बाहेरच्या संस्थांचे पुरस्कारही बहुतांशी अर्ज करणाऱ्यानेच भरलेल्या माहितीवर चालतात. जो अर्ज करत नाही त्याचे काम अस्तित्वातच नसते.

तुलनेला आगा खान वास्तुकला पुरस्काराची पद्धत घ्यावी. १९७७ मध्ये स्थापन झालेला हा पुरस्कार दर तीन वर्षांनी दिला जातो. काम वापरात येऊन किमान एक वर्ष झालेले असावे लागते. आणि निवडक प्रकल्पांवर स्वतंत्र तज्ज्ञ जाऊन राहतात, वापरणाऱ्यांशी बोलतात, कागदपत्रे तपासतात. १९९५ मध्ये इंदूरच्या अरण्य वसाहतीला तो मिळाला. बाळकृष्ण दोशी यांनी तिथे गरीब कुटुंबांना जोते, नळ, संडास आणि एखादी खोली एवढेच दिले. बाकी घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवले. म्हणजे पुरस्कार मिळाला तो मुद्दाम अपुऱ्या ठेवलेल्या कामाला. फित कापण्याच्या दिवशी तिथे पाहण्यासारखे काहीच नव्हते. जागेवर जाऊन राहणारा परीक्षक नसता तर ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसती.

आपल्याच राज्यात, अगदी साध्या पातळीवर, हे घडलेले आहे. आर. आर. पाटील यांच्या काळात सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात समित्या गावात येत, गटारे बघत, शाळेचे संडास उघडून बघत. त्यात दिखावा झालाच नाही असे नाही. समिती येणार म्हणून आदल्या रात्री चुना मारलेली गावे होती. तरी परीक्षक गावापर्यंत आला, ही गोष्ट मोठी. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेचे काम याच वाटेवरचे : मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या कचरा डेपोवर अनेक प्रकारांत वर्गीकरण सुरू झाले, खत झाले, गॅस झाला, आणि नाक दाबून जायची जागा लोक मुद्दाम बघायला जाऊ लागले. त्यात नवे बांधकाम थोडे होते. पुरस्कार मिळाले ते रोज सकाळी होणाऱ्या कामाला. म्हणजे देखभालीला पुरस्कार देता येत नाही हे खरे नाही. अभियांत्रिकी संस्थांनी तसा विचार केलेला नाही इतकेच.

जुने काम आणि लहान काम

सिंधुदुर्ग किल्ल्याला या चर्चेत आणण्याचा मोह आवरता येत नाही, पण जपून आणला पाहिजे. नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर मुहूर्त झाला, सुमारे तीन वर्षांत काम उभे राहिले. हिरोजी इंदुलकरांचे नाव परंपरेने या कामाशी जोडले जाते, आणि पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगतात. जवळजवळ अठ्ठेचाळीस एकरांचे बेट, तीसएक फूट उंचीची नागमोडी तटबंदी, आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत हा आहे आणि विजयदुर्गही आहे. साडेतीनशे वर्षांनी मिळालेला गौरव, तोही समुद्राने आपला निकाल दिल्यानंतर. ‘आमच्या पूर्वजांचे बांधकाम बघा’ असे म्हणून मोकळे होणे मात्र फसवे आहे. जे टिकले तेवढेच आपण बघतो; पडलेल्या गढ्या, वाहून गेलेले धक्के मोजत नाही. दुसरे, किल्ला नुसत्या दगडाने टिकला नाही. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या बरोबरीने कारखानीस असे, कोठारे आणि डागडुजी त्याच्याकडे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पाण्याची सोय कशी पाहावी इथपासून तटावर वाढणारी झाडे वरचेवर काढत राहावे इथपर्यंतचा विचार त्यात येतो. बांधणाऱ्याची जागा आणि जपणाऱ्याची जागा, दोन्ही राज्यकारभारात ठरलेल्या होत्या.

शेवटी लहान कामे. मालवण तालुक्यातल्या माणसाचे दिवस ज्यांवर चालतात ती कामे कोणत्याही राष्ट्रीय पुरस्काराच्या खर्चमर्यादेत बसत नाहीत. व्हाळावरचा साकव, ज्यावरून पोर शाळेत जाते. खारभूमीचा बांध आणि त्याची उघाडी. तिची फळी एका भरतीला नीट बसली नाही तर खाजणातले भात मरते. मच्छीमारांचा उतरता धक्का, वाडीची नळयोजना, दोन चिऱ्यांच्या भिंतींमध्ये बसवलेला पाण्याचा पंप. यातल्या एकाचाही खर्च पुरस्काराच्या समारंभाइतका असेल नसेल. इथे हुशारी आकारात नसते. ती उघाडीची फळी कोणत्या लाकडाची, साकवाची सळई किती आत, पंप पाण्याच्या पातळीपासून किती उंच, यात असते. आणि ती करणारा गवंडी, सुतार किंवा खात्याचा शाखा अभियंता अर्ज लिहायला कधी बसणार नाही. बसला तरी अर्ज इंग्रजीत आणि चाळीस पानांचा.

एखाद्या सल्लागार संस्थेने सिंधुदुर्गापुरता जरी वेगळा पुरस्कार ठेवला, तर खर्चाची किमान अट काढून टाकावी लागेल. अर्ज मराठीत, दोन पानांचा. नाव सुचवण्याचा हक्क ग्रामपंचायतीला, रापण संघाला, मच्छीमार सोसायटीला. काम किमान पाच पावसाळे झेललेले. कव्हर मीटरच्या नोंदी संस्थेच्याच माणसाने जागेवर येऊन घ्यायच्या. देखभालीचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येतो ते लिहायचे आणि गेल्या तीन वर्षांत तो प्रत्यक्ष किती खर्च झाला तेही. ड्रोनची चित्रफीत जोडू नये. छायाचित्र एकच, पुलाच्या किंवा साकवाच्या खालून, ऑक्टोबरात काढलेले.